फाशी, घटना आणि एक अपुरे भाषांतर

गेल्या वर्षी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या भाषांतराच्या वर्गात मी एक लहानसा उद्योग केला. वर्गात नाना भाषांची मुले होती. बच्चनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात एक शब्दप्रयोग आहे. तो त्यांच्यापुढे ठेवून, तुमच्या भाषेतील वृत्तपत्रे याचे काय करतात ते सांगा, असे म्हटले. मराठीचे उत्तर मला ठाऊकच होते : ‘दुर्मिळातील दुर्मिळ’. हिंदीभाषक विद्यार्थ्याने ‘विरल से विरलतम’ सांगितले, बंगाली मुलीने ‘बिरलेर मध्ये बिरलतम’. तमिळ विद्यार्थी ‘अरिदिलुम् अरिदान’ म्हणाला आणि मल्याळम बोलणारी मुलगी म्हणाली, आमच्याकडे ‘अपूर्वङ्ङळिल् अपूर्वम्’ असे छापतात. यावर वर्गातील मराठी मुले हसली. त्यांच्या कानी ‘अपूर्व’ म्हटले की नाट्यसंमेलनाचा सोहळा उभा राहतो. परंतु आपला ‘दुर्मिळ’ तरी कोणत्या कुळातला आहे? दुर्मिळ असते ती पोथी, दुर्मिळ असतो तो योग. ज्याचे मोल वाटते त्याविषयी वापरायचा हा शब्द एखाद्या हत्याकांडाला लागला की कानाला काहीतरी खुपते. चाळीस वर्षांच्या सवयीने ते खुपणे आता बोथट झाले आहे, इतकेच.

तथापि खरा दोष या विशेषणात नाही. कोणत्याही भाषेतील विद्यार्थ्याने त्या वाक्याचा उत्तरार्ध सांगितला नाही. कारण तो त्यांच्यापैकी कोणी ऐकलेलाच नव्हता. मूळ वाक्याचा आशय असा : माणसाच्या जीविताच्या प्रतिष्ठेविषयी खरीखुरी आणि अखंड आस्था असेल, तर कायद्याच्या हातून जीव घेण्याला विरोधच करावा लागतो, आणि म्हणून, पर्यायी शिक्षेचा मार्ग निःसंशयपणे बंद झालेला असेल अशा दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणावाचून ते करू नये. ज्या अटीवर सारी इमारत उभी आहे ती अट या उत्तरार्धात आहे. भारतीय भाषांनी पूर्वार्ध उचलला, त्याचा मथळा केला आणि उत्तरार्ध इंग्रजीतच राहू दिला. हा प्रमाद केवळ वार्ताहरांचा असता तर या पानांवर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. पण ज्या न्यायालयांनी तो सिद्धांत मांडला त्यांनीही पुढे पुष्कळदा हेच केले, आणि त्यापायी माणसे मेली, हे मला येथे दाखवावयाचे आहे.

प्रथम थोडा इतिहास. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार खुनाच्या गुन्ह्यात फाशी ही नित्याची शिक्षा होती. ती न देणाऱ्या न्यायाधीशाला, आपण ती का देत नाही, याची कारणे लिहून ठेवावी लागत. १९५५ च्या दुरुस्तीने हे बंधन काढून टाकले आणि दोन्ही शिक्षा बरोबरीला आल्या. १९७३ च्या नव्या संहितेने तराजू पूर्ण उलटा केला : जन्मठेप हा नियम, फाशी हा अपवाद, आणि अपवाद करावयाचा तर त्याची ‘विशेष कारणे’ दिलीच पाहिजेत. शिवाय दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे स्वतंत्रपणे ऐकून घेण्याची तरतूद झाली. जीव वाचविण्याची कारणे लिहिण्यापासून जीव घेण्याची कारणे लिहिण्यापर्यंतचा हा पाऊणशे वर्षांचा प्रवास आहे. आपल्या कायदेमंडळाने केलेल्या फार थोड्या कामांविषयी इतक्या निःसंकोच आदराने बोलता येईल.

घटनात्मक आव्हान मात्र याच्या थोडे आधीच सुरू झाले होते. जून १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फर्मन खटल्यात, ज्या लहरी रीतीने तेथे मृत्युदंड दिला जात होता ती रीत घटनाबाह्य ठरवली. नऊ न्यायाधीश आणि नऊ निकालपत्रे, असा तो विलक्षण निकाल होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्याकडे जगमोहनसिंग खटल्यात पाच न्यायाधीशांपुढे तोच प्रश्न आला. फाशी द्यावयाची की जन्मठेप, हे ठरविण्याचा कोणताही निकष कायद्यात नाही. तेव्हा ही निवड समानतेच्या तत्त्वाला धरून नाही, असा युक्तिवाद होता. न्या. पालेकर यांनी लिहिलेल्या एकमुखी निकालपत्रात तो फेटाळण्यात आला. निकष ठरवून देणे अशक्य आहे. अनुभवी न्यायाधीशाचा विवेक आणि वरच्या न्यायालयाची तपासणी हेच संरक्षण होय, असा त्याचा गाभा होता. न्यायाधीशाच्या विवेकावरील ही श्रद्धा प्रामाणिक होती. तिची परीक्षा पुढील दहा वर्षांत व्हावयाची होती.

१९७८ च्या मनेका गांधी निकालाने घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाचा अर्थच पालटला. जीवित हिरावून घेणारी प्रक्रिया केवळ कायद्याने घालून दिलेली असून भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे, असे ठरले. लगोलग १९७९ मध्ये राजेंद्र प्रसाद खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी, समाजाच्या सुरक्षिततेला जिवंत गुन्हेगारापासून असाधारण धोका असेल तरच फाशी द्यावी, असे दोनास एक बहुमताने सांगितले. कृष्ण अय्यर यांची इंग्रजी शैली अलंकारांनी इतकी लदलेली असे की पुष्कळदा विचार अलंकाराखाली गुदमरतो. पण त्या निकालातील विचार मात्र स्पष्ट होता. तो पूर्वीच्या पाच जणांच्या पीठाशी जुळत नाही म्हणून प्रश्न पुन्हा पाच जणांच्या पीठाकडे गेला, आणि मे १९८० मध्ये बच्चनसिंगचा निकाल लागला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड पीठावर होते. बहुमताचे निकालपत्र न्या. सरकारिया यांनी लिहिले. फाशीची तरतूद चार विरुद्ध एक अशी वैध ठरली.

बहुमताचा सर्वांत भक्कम आधार घटनेच्या मजकुराचा होता, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. एकविसावा अनुच्छेदच, कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीने जीवित हिरावले जाऊ शकते, हे गृहीत धरतो; बहात्तरावा अनुच्छेद राष्ट्रपतींना मृत्युदंडाच्या प्रकरणी दयेचा अधिकार देताना त्या शिक्षेचा नामनिर्देश करतो. जी शिक्षा घटनाकारांच्या डोळ्यांसमोर होती ती घटनाबाह्य कशी? येथे एक गोष्ट नोंदवावी लागते. ३ जून १९४९ रोजी घटना समितीत, फाशीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाचा हक्क असावा काय, याची चर्चा चालू असताना डॉ. आंबेडकरांनी असे मत मांडले की, अपिलाची तरतूद वाढवीत बसण्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करण्याला आपण पाठिंबा देऊ. हा देश अहिंसा हे नैतिक कर्तव्य मानतो, आचरणात ते सर्वांना साधत नसले तरी. अर्थात घटनाकारांच्या डोळ्यांसमोर फाशी होती तशी तिच्याविषयीची अस्वस्थताही होती. मजकुरात पहिली उतरली, दुसरी चर्चेच्या खंडांत राहिली.

पाचवे न्यायाधीश भगवती होते. त्यांनी आपला विरोध तेव्हाच नोंदवला. पण त्याची सविस्तर कारणे यायला १९८२ चा ऑगस्ट उजाडला. एवढ्या विलंबाचे समर्थन करता येत नाही; मधल्या काळात बहुमताचा शब्दप्रयोग एकटाच देशभर फिरला. भगवतींच्या प्रदीर्घ निकालपत्रातील, फाशीने गुन्ह्याला आळा बसत नाही हे दाखविणारा भाग मला तितकासा निर्णायक वाटत नाही. त्या वादात दोन्ही बाजूंना आपापले पुरावे सापडतात. त्यांचा खरा मुद्दा वेगळा आहे. फाशी होईल की नाही हे खटला कोणत्या पीठापुढे येतो यावर अवलंबून राहते आणि तिचा भार मुख्यतः गरिबांवर पडतो. तेव्हा ती मनमानी ठरते आणि म्हणून चौदाव्या व एकविसाव्या अनुच्छेदांशी विसंगत होय. बहुमताने हा मुद्दा तत्त्वाच्या पातळीवर परतवून लावला. व्यवहाराच्या पातळीवर तो कोणी परतवून लावलेला मला दिसत नाही.

कारण त्याच सुमारास एक प्रकरण घडले. उत्तर प्रदेशातील एकाच कुटुंबातील चौघांच्या हत्येबद्दल तिघांना फाशी झाली होती. तिघांचा वाटा सारखा, पुरावा सारखा, उच्च न्यायालयाचा निकालही एकच. तिघेही सर्वोच्च न्यायालयाकडे आले, पण निरनिराळ्या वेळी आणि निरनिराळ्या पीठांपुढे. पहिल्याची याचिका फेटाळली गेली. दुसऱ्याची शिक्षा कमी करून जन्मठेप देण्यात आली. तिसऱ्याची याचिका पुन्हा फेटाळली गेली. मधल्या निकालाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. ६ ऑक्टोबर १९८१ रोजी पहिल्याला फाशी देण्यात आली. तिसरा त्याच दिवशी जावयाचा, पण त्याने शेवटच्या घटकेला नवा अर्ज केला म्हणून राहिला. आणि फेब्रुवारी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा सौम्य करावी अशी शिफारस राष्ट्रपतींकडे केली. हरबंससिंगचा खटला तो हाच. या तिघांतील फरक काय होता? गुन्ह्याचा नव्हे, स्वभावाचा नव्हे, वयाचा नव्हे. तारखेचा होता. जगमोहनसिंग निकालातील ‘अनुभवी न्यायाधीशाचा विवेक’ येथे तीन वेळा वापरला गेला आणि तिन्ही वेळा तो आपापल्या जागी प्रामाणिकच होता.

आता त्या उत्तरार्धाकडे वळू. १९८३ च्या जुलैमध्ये मच्छीसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ म्हणजे काय, हे समजावून देण्याचा यत्न केला. खुनाची रीत, हेतू, गुन्ह्याचे समाजविघातक स्वरूप, त्याचा आकार, बळी पडलेल्याचे व्यक्तित्व अशा पाच वर्गांची यादी त्यात आली. आणि समाजाच्या ‘सामूहिक सदसद्विवेकबुद्धीला’ धक्का बसला असेल तर समाज न्यायाधीशाकडून फाशीची अपेक्षा करील, असे म्हटले गेले. ही पाचही कलमे गुन्ह्याविषयी आहेत, गुन्हेगाराविषयी एकही नाही. बच्चनसिंग निकालाने गुन्हा आणि गुन्हेगार या दोहोंकडे पाहावयास सांगितले होते. किंबहुना पर्यायी शिक्षेचा मार्ग बंद झाला आहे काय, हा प्रश्न गुन्ह्याला विचारताच येत नाही. तो माणसालाच विचारावा लागतो : हा सुधारणार नाही, याला कोंडून ठेवूनही भागणार नाही, असे खात्रीने सांगता येते काय? मच्छीसिंगने या प्रश्नाच्या जागी एक विशेषण ठेवले. ज्याचे क्रियापद गळून पडले आहे अशा वाक्याचे यापेक्षा वेगळे काय होणार?

‘सामूहिक सदसद्विवेकबुद्धी’ या पदाविषयी भाषेच्या अभ्यासकाला दोन शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. सत् आणि असत् यांची निवड करणारी बुद्धी, असा तो समास आहे. आपल्या संतांनी विवेक म्हणून जे काही सांगितले ते एकेकट्या जीवाला उद्देशून सांगितले. समुदायाला क्षोभ असतो, शोक असतो, भय असते. हे सारे खरे असते आणि त्याचा अपमान करू नये. पण निवडण्याचे काम समुदाय करीत नाही. ते आपल्या वतीने कोणी एकाने शांतपणे करावे म्हणून तर त्याने न्यायासन निर्माण केले. समाजाच्या क्षोभाला विवेकाचे नाव देऊन तोच न्यायाधीशाच्या हाती आदेश म्हणून परत द्यावयाचा, यात मला एक मोठी उलटापालट दिसते. आपल्या भाषेत याहून जुना एक शब्द आहे. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील वधाबद्दल रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना ‘देहान्त प्रायश्चित्त’ सांगितले, असे मराठी परंपरा सांगते. त्या न्यायाचे आजच्या अर्थाने समर्थन करावे असे माझे म्हणणे नाही. पण शब्द पाहा : प्रायश्चित्त घ्यावयाचे असते, ते देऊन चुकते करता येत नाही. त्यात अपराध्याचे मन गृहीत धरलेले आहे, आणि ते सांगणारा शास्त्री बाहेर जमलेल्या गर्दीच्या वतीने बोलत नाही. येथे तर तो सत्तेच्या तोंडावर बोलतो आहे. आज आपण व्यवहारात नुसते ‘फाशी’ म्हणतो. फास हे साधन. साधनाचेच नाव शिक्षेला मिळाले आणि माणूस त्यातून दिसेनासा झाला.

याचा परिणाम काय झाला तो महाराष्ट्रातील एका प्रकरणात पाहावयास मिळतो. १९९६ मध्ये रावजी खटल्यात दोन न्यायाधीशांच्या पीठाने, शिक्षा ठरविताना गुन्ह्याचे गांभीर्य महत्त्वाचे, गुन्हेगार नव्हे, असे सरळच सांगून टाकले. हे बच्चनसिंगच्या पाच जणांच्या पीठाविरुद्ध होते. तरीही तेरा वर्षे अनेक निकालांनी त्याचा आधार घेतला. मे २००९ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाकडून आलेल्या बरियार प्रकरणात न्या. सिन्हा यांच्या पीठाने ही चूक उघड केली आणि रावजी व त्याच्या मागून गेलेले निकाल बंधनकारक पूर्वनिर्णयाच्या विस्मरणातून दिलेले आहेत, असे नोंदवले. तोवर या मालिकेतील दोघांना, १९९६ आणि १९९७ मध्ये, राजस्थानात फाशी झालेली होती. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून, अशाच चुकीच्या आधारावर फाशी सुनावलेल्या आणखी तेरा जणांना वाचवावे, अशी विनंती केली.

त्यांच्या यादीत आलेले महाराष्ट्रातील प्रकरण असे : २००३ मध्ये नाशिक भागात एका कुटुंबावर दरोडा पडला, पाच जणांची हत्या झाली, बलात्कार झाला. गुन्हा भयानक होता यात शंका नाही. भटक्या जमातीतील सहा जणांना पकडण्यात आले. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. आणि एप्रिल २००९ मध्ये, बरियारच्या निकालाच्या काही दिवसच आधी, सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी पुन्हा कायम केली. पुढे त्यांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, असे निष्पन्न झाले. अखेर खटला पुन्हा ऐकला गेला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवून सोडून दिले. प्रत्यक्ष साक्षीदाराने पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहातून प्रथम वेगळ्याच चौघांना ओळखले होते, ही गोष्ट बाजूस सारली गेली होती. प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम राज्य सरकारला झाला. सुमारे सोळा वर्षे गेली होती.

म्हणजे जे प्रकरण ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ ठरले होते त्यातील माणसे ती नव्हेतच. गुन्ह्याच्या विशेषणावर सारे लक्ष एकवटले की ते कोणाला लावले जाते आहे याकडे दुर्लक्ष होते, याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकांनी येथे थोडे थांबावे असे मला वाटते. बच्चनसिंगचा निकाल लागला त्याच वर्षी, १९८० मध्ये, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ प्रसिद्ध झाले. १९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ आले. दोन्ही ग्रंथांना साहित्य अकादमीचे पुरस्कार लाभले, त्यांची भाषांतरे झाली, आणि आपण त्यांवर चर्चासत्रे भरवली. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि १९५२ मध्ये तो कायदा गेल्यावरही पोलीस ठाण्याच्या लेखी ज्या तशाच राहिल्या, त्यांच्यातील माणूस कसा वाढतो, त्याला शाळा कशी मिळते किंवा मिळत नाही, चोरीचा तपास कोणाच्या पालापासून सुरू होतो, हे मराठी वाचकाला या पुस्तकांनी सांगितले. आपण त्याला आत्मकथन म्हणतो. शिक्षेच्या सुनावणीत बच्चनसिंग निकालाला जे हवे होते ते नेमके हेच : एका माणसाच्या आयुष्याची हकीकत. साहित्याच्या व्यासपीठावर ती पुरस्कारास पात्र झाली. न्यायालयात बहुतेकदा ती मांडलीच गेली नाही. शिक्षेवरील सुनावणी पुष्कळदा दोष सिद्ध झाला त्याच दिवशी उरकली जाई, आणि आरोपीचा वकील ‘वय तरुण, घरी म्हातारे आईबाप’ एवढी दोन वाक्ये बोलून खाली बसे. सहा आयुष्यांची हकीकत अशा दोन वाक्यांत संपते.

भाषेची अडचण याहूनही मुळाशी आहे. सर्वोच्च न्यायालयाची भाषा घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदान्वये इंग्रजी. साक्ष आरोपीला समजणाऱ्या भाषेत उलगडून सांगावी, निकालाची भाषांतरित प्रत त्याला मागता यावी, अशा तरतुदी संहितेत होत्या आणि आहेत. पण दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने देशभरच्या फाशीच्या कैद्यांना भेटून २०१६ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला त्यात, याविषयी बोललेल्या कैद्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी आपल्याला खटल्यातले काहीच कळत नव्हते असे सांगितले. त्या अहवालातील सुमारे तीन चतुर्थांश कैदी आर्थिक दृष्ट्या दुर्बल होते. भगवतींनी १९८२ मध्ये जे अनुमानाने सांगितले त्याला चौतीस वर्षांनी आकडे मिळाले. ज्या निवाड्यात आपला जीव जावयाचा तो निवाडा आपल्याला न कळणाऱ्या भाषेत चालावा, ही प्रक्रिया ‘न्याय्य आणि वाजवी’ आहे काय, हा प्रश्न एकविसाव्या अनुच्छेदाखाली थेटपणे उपस्थित व्हावयास हवा.

घटनात्मक आव्हाने सर्वस्वी निष्फळ ठरली, असे मात्र कोणी समजू नये. शिक्षा टिकली, पण तिच्या कडा एकामागून एक छाटल्या गेल्या. आणि येथेही निर्णय शब्दांवरच झाले आहेत. जन्मठेप भोगत असताना खून करणाऱ्याला फाशीच दिली पाहिजे, असे भारतीय दंडविधानाचे ३०३ वे कलम म्हणत होते. मराठीत सांगावयाचे तर सारा प्रश्न त्या ‘च’चा होता. एप्रिल १९८३ मध्ये मिठू खटल्यात सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी तो ‘च’ घटनाबाह्य ठरवला. न्यायाधीशाला माणसाकडे पाहण्याची मुभाच न देणारा कायदा न्याय्य असू शकत नाही, हे त्या निकालाचे सार होय. एका अक्षरावर इतके चोख काम क्वचितच झाले असेल. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यातील अशाच सक्तीच्या फाशीची तरतूद ‘देता येईल’ अशी वाचावयास सांगितली, आणि पुढे २०१४ मध्ये संसदेनेच ती तशी बदलली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ३०३ व्या कलमाचा वारस फाशी किंवा मरेपर्यंतची जन्मठेप अशी निवड ठेवतो. विलंबाच्या बाबतीत मार्ग अधिक वेडावाकडा गेला. जानेवारी २०१४ मध्ये दयेचे अर्ज वर्षानुवर्षे पडून राहिल्यामुळे पंधरा जणांची फाशी एकाच निकालाने जन्मठेपेत बदलली, एवढा उल्लेख पुरे.

याहून महत्त्वाची घटना २००८ ची आहे. स्वामी श्रद्धानंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, शिक्षामाफीविना ठरावीक वर्षे किंवा मरेपर्यंत कैद, असा मधला मार्ग काढला. २०१५ मध्ये घटनापीठाने तीन विरुद्ध दोन अशा मताने तो मान्य केला. या मार्गाविषयी माझ्या मनात शंका आहेत; माणसाला आशेविना कोंडून ठेवणे ही काही लहान क्रूरता नव्हे. परंतु तर्क करून पाहावा. ज्या गुन्हेगारापासून समाजाला धोका आहे त्याला मरेपर्यंत तुरुंगात ठेवता येते, हे एकदा मान्य झाले, की मग ‘पर्यायी शिक्षेचा मार्ग निःसंशयपणे बंद’ कोणत्या प्रकरणात झाला, हे कसे दाखविणार? बच्चनसिंगच्या वाक्याचा उत्तरार्ध प्रामाणिकपणे वाचला तर, त्या निकालाला धक्का न लावताही, फाशी देण्याजोगे प्रकरण उरतेच कोठे, हे मला समजत नाही. तरतूद वैध, पण ती वापरण्याची अट पुरी होणे अशक्य, असा हा पेच आहे. आणि न्यायालयाने तो पूर्वार्धाच्या आश्रयाने आजवर टाळला आहे.

उलट बाजूचे एक म्हणणे मला हलके वाटत नाही. ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांना तुम्ही घटनेचे अनुच्छेद काय वाचून दाखवता, असे विचारले जाते. या प्रश्नाला साहित्याचा माणूस तरी चटकन उत्तर देऊ शकत नाही, आणि देऊ नये. मी इतकेच म्हणेन की नाशिक प्रकरणात त्या कुटुंबाला सोळा वर्षे जो न्याय मिळाला असे सांगण्यात आले तो त्यांना मिळालेला नव्हता, आणि खरे गुन्हेगार कोण, हे विचारण्याची वेळही निघून गेली होती. विधी आयोगाने १९६७ मधील पस्तिसाव्या अहवालात फाशी राखावी असे म्हटले होते. २०१५ मधील २६२ व्या अहवालात दहशतवादी गुन्हे वगळता ती रद्द करावी असे सुचवले. हा अपवाद मला पटत नाही. क्षोभ जेथे सर्वाधिक, तेथेच चुकीची शक्यताही सर्वाधिक असते.

एक उदाहरण बाहेरचे. जून १९९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या नव्या घटना न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमुखाने फाशी रद्द केली. बच्चनसिंगचा निकाल त्यांनी वाचला, चर्चिला आणि बाजूस ठेवला. भारताच्या घटनेचा मजकूर जीवित हिरावण्याची कल्पना करतो, आमचा करीत नाही, असे त्यांनी नोंदवले. पण अनेक न्यायाधीशांनी आणखी एक आधार घेतला : ‘उबुंटू’. माणूस माणसांमुळे माणूस असतो, अशा आशयाचा हा तेथील लोकभाषांतील शब्द त्यांच्या अंतरिम घटनेच्या समारोपात आलेला होता. त्यांनी तो इंग्रजीत उतरवण्याचा खटाटोप केला नाही. तसाच ठेवला आणि त्यातून कायद्याचा अर्थ काढला. आपल्याकडे नेमके उलटे झाले आहे. इंग्रजीतून एक पद आले, सगळ्या भाषांनी त्याचे अर्धे भाषांतर केले, आणि ‘करुणा’, ‘क्षमा’, ‘विवेक’ असे ज्यांच्यावर आपले वाङ्मय शतकानुशतके पोसले ते शब्द निकालपत्रांत आले तर शोभेपुरते आले.

मे २०२२ मध्ये मनोज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, फाशीचा विचार होण्यापूर्वी आरोपीचे कौटुंबिक जीवन, शिक्षण, मानसिक अवस्था, तुरुंगातील वर्तन यांची माहिती खालच्या न्यायालयापुढे आलीच पाहिजे, असे बजावले. त्याच वर्षी सप्टेंबरात, ही संधी केव्हा आणि किती मिळावी हा प्रश्न पाच न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आला. आत्मकथनाला न्यायालयाचे दार किलकिले झाले, असे याला म्हणता येईल. पण ती माहिती कोण गोळा करणार, कोणत्या भाषेत ऐकून घेणार, आणि पालावरची बोली निकालपत्राच्या इंग्रजीत कोण उतरवणार? ज्यांना ही भाषांतरे करता येतात अशी माणसे आपल्या विद्यापीठांच्या भाषाविभागांत आहेत. या विषयावर एकही अभ्यासक्रम माझ्या पाहण्यात नाही.

वर्गातील तो उद्योग पुढील आठवड्यात मी पुन्हा घेतला. या वेळी पूर्ण वाक्य दिले. मराठीच्या एका विद्यार्थिनीने लिहून आणले : ‘दुसरी कोणतीही शिक्षा पुरणार नाही याची तिळमात्र शंका उरली नसेल, तरच, आणि असे जवळजवळ कधीच होत नाही.’ शेवटचे चार-पाच शब्द मूळ वाक्यात नाहीत, असे मी तिला म्हणालो. ती म्हणाली, ‘सर, दुर्मिळ म्हणजे तेच ना?’ मी तिचे भाषांतर तसेच राहू दिले.